आईचा पितळी डबा आणि ॲम्ब्युलन्समधल्या खापरोळ्या

मुक्काम: मुद्दाम लिहीत नाही.
मार्गशीर्षातला गुरुवार, दुपार.

ती. सौ. जानकीताईस,

धाकट्या सुगंधाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून, कारण जिथे बसून लिहिते आहे तिथे ताठ बसलं की डोकं वर आपटतं. का ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून मधल्या मजल्यावर थांबतेस का? दत्तारामभाऊजींना माझा नमस्कार सांग. त्यांचा खोकला गेला असेल असं धरून चालते. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. तसं पाहिलं तर तुझ्याशीही नाही. आपण फक्त बोलत नाही, आणि या दोन्हीत फरक आहे.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. पोस्टावर माझा विश्वास नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे तू पाकिटावरचं अक्षर बघून ते तसंच पोस्टमनला परत दिलंस तर मला कधी कळणारही नाही. ज्याच्या हातून पाठवते आहे तो माणूस धट्टाकट्टा आहे आणि दारात उभा राहून लाजत नाही. तेव्हा वाचल्याशिवाय तुझी सुटका नाही.

लिहायचं कारण असं, की तू आणि भाऊजी बोरिवलीची जागा सोडून कायमचे कुडाळला चालला आहात, हे माझ्या कानावर आलं. तुझ्याकडून नाही. नारळवाल्याकडून. विक्रोळी स्टेशनबाहेर बसतो तो कुंडलिक, आपल्याच गावाकडचा. नारळ कानाशी हलवून बघता बघता म्हणाला, "तुमची भैण गावाक जाता मा?" मी म्हटलं, हो तर, मला ठाऊकच आहे. ताई, मला ठाऊक नव्हतं. सख्ख्या बहिणीची बातमी नारळवाल्याने द्यावी, आणि त्याने दिलेला नारळही घरी फोडल्यावर नासका निघावा. तेव्हापासून मी नारळ घाटकोपरहून आणते.

आणि तुम्ही जाणार म्हटल्यावर आईच्या डब्याचा प्रश्न आला. तू माझ्याबद्दल मनात काय काय धरून बसली आहेस याची मला पूर्ण कल्पना आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. मागच्या नव्हे, त्याच्या मागच्या दिवाळीत तू त्या पितळी डब्यातून मला खापरोळ्या पाठवल्या होत्यास. झाकणावर आईचं नाव कोरलेला तो डबा, शकुंतला ल. परब, त्यातला 'ल' पुसट झालेला. भरून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आईनेच आपल्याला शिकवलं. दुसऱ्या कुणाचा डबा असता तर चार दाणे साखरेचे टाकून पाठवला असता. पण आईच्या डब्यात साखर टाकून पाठवायला मी काय तुझी शेजारीण आहे? म्हटलं, जशा खापरोळ्या भरून आल्या, तशाच भरून जातील. तुला कृती विचारली. तू जिन्यात उभी राहून सांगितलीस: तांदूळ, उडीद, थोडे पोहे, चिमूटभर मेथ्या, नखभर हळद, रात्रभर आंबवायचं आणि पाणी अंदाजाने. ताई, 'अंदाजाने' हा शब्द ज्यांना सांगायचं नसतं ती माणसं वापरतात. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

नंतर मी खापरोळ्या किती वेळा केल्या ते विचारू नकोस. कधी तव्याला चिकटल्या, कधी खालून करपून वरून कच्च्या राहिल्या, आणि जाळी म्हणून एकदाही पडली नाही. आईच्या खापरोळीला कशी मधाच्या पोळ्यासारखी भोकं असायची, नारळाचा गोड रस सगळा आत प्यायची. माझ्या खापरोळ्या रसात नुसत्या पडून राहायच्या, शेवटी रस बाजूला आणि त्या बाजूला. असला माल आईच्या डब्यात भरून तुझ्या दारी कसा पाठवू? म्हणून डबा थांबला. डबा थांबला म्हणून तू मामाच्या नातीच्या, मृणालिनीच्या साखरपुड्यात चारचौघींच्या देखत म्हणालीस, की काही लोकांना आईच्या वस्तू ठेवून घ्यायची सवय असते. मी मोदक तसाच ताटात ठेवून उठले. म्हणजे तुला वाटतं मी डबा लाटला, आणि मला वाटतं तू कृतीतली एखादी गोष्ट मुद्दाम पोटात ठेवलीस. आपलं घराणंच संशयी. बाबा दूध घेताना आधी दूधवाल्याकडे बघायचे, मग म्हशीकडे, आणि मग आईकडे.

आता ह्यांचं ऐक. तुझ्या लाडक्या दशरथरावांनी फिरतं घर घेतलं आहे. रद्दीवाल्याकडे ह्यांना कुठलंसं परदेशी मासिक सापडलं. त्यात एक गोरं जोडपं मोटारीतच ओटा मांडून जेवण करतंय, मोटारीतच झोपतंय, आणि बाई केक कापतेय, असे फोटो होते. तो केक बघून ह्यांच्या डोक्यात वारं शिरलं. ज्या माणसाने लग्नानंतर मला मुलुंडच्या पुढे कधी नेलं नाही, तो म्हणाला की आपण असंच फिरायचं, वाटेत साधं जेवायचं, वर काहीतरी गोड करायचं, आणि पार गोव्यापर्यंत जायचं. मी त्याच क्षणी ओळखलं, की ह्यात काहीतरी आहे. माणूस या वयात उगाच फिरायला नेत नाही.

गाडी म्हणून जी दारात आली ती ह्यांच्या कारखान्याची मोडीत काढलेली ॲम्ब्युलन्स. ह्यांचा मित्र युस्टेस तिथल्याच गॅरेजात आहे, मरोळ गावठाणातला, गाडीच्या नुसत्या आवाजावरून तिचा आजार सांगतो. त्याने ती दुरुस्त केली आणि फिकट हिरवा रंग मारला. पण हिरव्याखालून लाल फुली वर आलीच, तपकिरी होऊन. आत एका बाजूला रुग्णाला झोपवायचा बाक तसाच, ते आमचं अंथरूण. (आता मी त्यावरच बसले आहे, आणि डोक्यावर औषधांचं कपाट आहे. त्यात आता डाळ, तांदूळ आणि रवा असतो.) दुसऱ्या बाजूला फळी ठोकून ओटा, त्यावर एक वातीचा स्टो आणि एक पंपाचा. छताला सलाइनची बाटली टांगायचा हूक. घंटा काढून घेतली होती, पण युस्टेसने हॉर्न असा बसवला आहे की तो वाजला की पुढची माणसं आपोआप बाजूला होतात आणि आमच्याकडे दयेने बघतात. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे तर घराला चाकंच होती, आणि वासे कुठल्या दिशेला फिरत होते ते बघ.

गोव्याला जायचं म्हणजे विक्रोळीहून हायवे धरून चेंबूर, मानखुर्द, वाशीचा पूल, पनवेल. हे मला, घराबाहेर न पडणाऱ्या बाईला, ठाऊक आहे. परवा सकाळी आम्ही निघालो तर युस्टेसने गाडी उलट्या अंगाला घेतली आणि गांधीनगरच्या नाक्यावरून थेट पवईच्या रस्त्याला लावली. मी विचारलं, हा कुठला गोवा? तर हे म्हणाले, आधी जवळपास फिरून गाडीची चाचणी घेऊ, शिवाय मरोळहून युस्टेसच्या बायकोला घ्यायचं आहे. मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. हे शीळ घालत होते. लग्नापासून आजपर्यंत हे फक्त काहीतरी लपवताना शीळ घालतात.

पवईच्या तळ्याकाठी पहिला थांबा. मी घरून खापरोळ्यांचं पीठ आंबवून आणलं होतं, आणि श्रीखंड करायचं म्हणून दही फडक्यात बांधून सलाइनच्या हुकाला टांगलं होतं. (दुसरीकडे कुठे टांगणार? घरात खुंटी असते, ॲम्ब्युलन्समध्ये हूक असतो.) त्याच्याखाली भांडं, त्यात पाणी टिपटिप पडतंय, शेजारी बाकावर हे पाय पसरून डोळे मिटून पडलेले. मागचं दार उघडं. तळ्यावर फिरायला आलेले एक म्हातारे गृहस्थ थांबले, वर पांढरं गाठोडं बघितलं, खाली ह्यांना बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि मला हळूच म्हणाले, धीर धरा. मी म्हटलं, धरलाच आहे, संध्याकाळपर्यंत निथळेल. ते बिचारे घाईघाईने निघून गेले. जेवायला पिठलं-भात केला तो बरा झाला. खापरोळ्या मात्र नेहमीसारख्याच. पहिली तव्यालाच राहिली, दुसरी उलथण्यावर आली पण तिचा पापड झाला होता. हे म्हणाले, चव छान आहे. चव छान आहे असं जो नवरा खरवडून खाताना म्हणतो, त्याच्या मनात काहीतरी असतं हे पक्कं समजावं.

त्या दिवशी मुक्काम मरोळला युस्टेसच्या घरी. त्याची बायको जोसेफीन अंगाने माझ्या दुप्पट आणि बोलायला निम्मी. तिने माझे भिजवलेले तांदूळ-उडीद आपल्या रगड्यावर वाटून दिले, कारण गाडीत वाटायला काही नव्हतं. मी तिथून हलले नाही. म्हटलं, या लोकांचा बाटलीत भरलेला तो लाल मसाला सगळ्यांत पडतो, पिठातही चिमूटभर गेला तर कळायचा नाही. गेला नाही. पण बाई रगडा फिरवता फिरवता स्वतःशीच हसत होती, ते मला आवडलं नाही. गाडीत बसताना तिने कांबळ्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल आणि जड बरोबर घेतलं आणि आपल्या पायाशी ठेवलं. काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, "माजं हाय."

काल सकाळी आरे कॉलनीत थांबून शिरा केला. दूध तिथलं ताजं, त्यामुळे शिऱ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते रस्त्याबद्दल. आरेतून परत अंधेरी, अंधेरीहून वर्सोवा. का, तर जोसेफीनला सुके बोंबील घ्यायचे होते. बोंबलांची जुडी गाडीच्या आत आली आणि माझ्या श्रीखंडाला तिचा वास लागला, तो गेला नाही. कुणाला खायला दिलं असतं तर कुठल्या तळ्यातल्या म्हशीचं दही म्हणून विचारलं असतं. शेवटी ते युस्टेसने एकट्याने संपवलं. त्याला काही फरक पडला नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

वर्सोव्याला खाडीच्या बाजूला, मढच्या होड्या सुटतात त्याच्या जरा अलीकडे, गाडी उभी होती. मी पुन्हा खापरोळ्या घातल्या. पुन्हा तीच गत. मी म्हटलं, वारा लागतोय. मग म्हटलं, पंपाचा स्टो फडफडतोय. मग म्हटलं, इथल्या पाण्यात खार असेल. ह्यांनी "नाचता येईना" एवढंच म्हटलं आणि पुढचं गिळलं. तेवढ्यात जोसेफीनने कांबळं सोडलं. आत मातीची खापरी. काळी झालेली, तेल प्यालेली, कडेला एक टवका उडालेली. ती तिने वातीच्या स्टोवर ठेवली आणि नारळाच्या शेंडीने तेल फिरवून स्वतःचे चिटाप घालायला लागली. चिटाप म्हणजे त्यांच्याकडचे तांदळाचे, नारळाच्या दुधातले गोड घावन. वर झाकण ठेवलं, काढलं, आणि ताई, जाळी. आईच्या खापरोळीसारखी, हुबेहूब.

माझ्या मनात पहिला विचार आला तो अंड्याचा. अंडं घातल्याशिवाय इतकं फुगत नाही असं मी कुठेसं ऐकलं होतं. आज गुरुवार, काल बुधवार, पण संशयाला वार नसतो. तिचं लक्ष नाही असं बघून मी ओट्याखालची कचऱ्याची पिशवी उलटी केली. टरफल एकही नाही. दुसरा विचार आला तो तुझा. म्हटलं, ही बाई ताईला ओळखत असणार, ताईने हिला खरी कृती दिली आणि मला अर्धी. मी तिला सरळ विचारलं, बोरिवलीच्या जानकीला ओळखतेस का? ती म्हणाली, कोण जानकी? फार सहज म्हणाली. म्हणून मी पुन्हा विचारलं. मग तिने माझा तवा उचलला, त्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, "लोकंडाचा हाय ना, त्याला घाई लय. माती दमानं तापते. तुज्या आयकडं काय होतं?"

आईकडे खापर होतं. चुलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं, आपल्याला हात लावू द्यायची नाही ते. खापरावर घालायच्या म्हणून तर त्या खापरोळ्या. हे तू मला सांगितलं नाहीस, कारण हे कुणी कुणाला सांगतं का? भात शिजवायला भांडं घे असं कोण सांगतं? तुझ्याकडे गावाहून आणलेलं खापर आहे, माझ्याकडे लग्नात मिळालेला लोखंडी तवा. दोन दिवाळ्या मी तुझ्या शब्दांत चोरी शोधत राहिले, आणि चोरी तर नव्हतीच. (तरी 'अंदाजाने' या शब्दाबद्दलचं माझं मत कायम आहे.) बाकीचं पीठ राखून ठेवून दोनच खापरोळ्या मी जोसेफीनच्या खापरीवर घातल्या. दोन्ही उतरल्या, दोन्हींना जाळी. एक ह्यांनी खाल्ली, एक युस्टेसने. मला मिळाली नाही, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते स्टोच्या धुरावर ढकललं.

आज सकाळी खरा घोळ झाला. अंधेरीहून परत फिरून पनवेलच्या रस्त्याला लागायचं, असं रात्री ठरलं होतं. उठून बघते तर गाडी हायवेने गोरेगाव सोडून कांदिवलीच्या अंगाला चाललेली. बोरिवलीच्या दिशेला, ताई. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती चाचणी, ते बोंबील, ती शीळ, सगळं सोंग. हा सगळा ह्यांचा डाव, मला तुझ्या दारात नेऊन उभं करायचा. मी बाकाखाली हात घातला, आणि तिथे काय असावं? आईचा डबा. ह्यांच्या टॉवेलात गुंडाळलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मी डबा ह्यांच्या पुढे ठेवून विचारलं, हा इथे कसा आला? ह्यांनी डब्याकडे बघितलं, टॉवेलाकडे बघितलं, आणि म्हणाले, माझा टॉवेल कालपासून सापडत नव्हता. इतका निर्लज्ज अभिनय मी नाटकातही पाहिला नाही.

मी गाडी थांबवायला लावली. हायवेच्या कडेला, झाडाखाली. म्हटलं, एवढं आणलंच आहे तर आता खापरोळ्या करून डबा भरूनच पुढचं बोलू. राखलेलं पीठ काढलं, खापरी तापली, मी घालत गेले, जोसेफीन काढत गेली. ॲम्ब्युलन्स रस्त्यात थांबलेली आणि आतून धूर येतोय म्हटल्यावर माणसं जमली. एक स्कूटरवाले गृहस्थ गर्दीतून पुढे आले, शर्टाची बाही वर केली आणि विचारलं, कुठला ग्रुप हवाय? त्यांच्या हातात मी खापरोळी ठेवली. त्यांनी ती उभ्याने खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाले, जाळी चांगली पडली आहे, आमची आई करायची. मग बाही खाली करून निघून गेले. ताई, त्या माणसाला तू पाठवलं नव्हतंस ना? नसशीलच म्हणा. पण तो आमच्या घरचा नव्हता, त्याला माझं मन राखायचं कारण नव्हतं, आणि तरी तो तसं म्हणाला, म्हणून मला पटलं.

तर डबा भरला आहे. शिगोशीग. झाकण लावून वरून फडकं बांधलं आहे. रस किटलीत वेगळा आहे, आयत्या वेळी घालायचा. मी काही तुझ्या दारी येणार नाही. ह्यांनी पाय धरले तरी नाही. साखरपुड्यातलं तुझं वाक्य मला तसंच्या तसं आठवतंय. डबा मिळाला की माझ्यावरचा आळ तेवढा मागे घे, आणि सुखाने कुडाळला जा. भाऊजींना गार पाण्याने आंघोळ करू देऊ नकोस. तिकडे तुला शेजार चांगला मिळो.

तुझी (म्हणजे होती ती),
सुगंधा

ता. क. डब्याला कल्हई मी मुद्दाम नवी करून घेतली आहे. झाकणावरच्या पुसट 'ल'ला मात्र हात लावू दिला नाही. कल्हईवाला म्हणत होता, नवीन कोरून देतो. मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले.

ता. क. दुसरा: वर ह्यांच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, ते ह्यांनी वाचायच्या आत एक खरं सांगून टाकते. टॉवेलात डबा गुंडाळून बाकाखाली मीच ठेवला होता. तांदूळही चौघांना पुरून उरतील इतके मीच भिजवले होते. पवई, मरोळ, वर्सोवा, हे सगळं तुम्ही कुडाळला जायच्या आत तुझ्या दारापर्यंत कसं पोचायचं या एकाच विचारातून निघालं. युस्टेसला मी आधीच सांगून ठेवलं होतं, की मी रागावले तरी गाडी बोरिवलीकडेच ने, फक्त रोज थोडी थोडी. ह्यांना यातलं काही ठाऊक नाही, ते चाचणीचं युस्टेसनेच त्यांच्या गळी उतरवलं. ते बिचारे अजून गोव्याच्या आशेवर आहेत, आणि शीळ घालतात ती गाडी वेळेवर सुरू होते या आनंदाने.

ता. क. तिसरा, आणि खरं कारण: गोव्याला जायचा रस्ता कुडाळवरून जातो. तुम्ही गावाला एस.टी.ने जाणार, त्यात तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला. आमच्या गाडीत आडवं होऊन जाता येतं, ती त्यासाठीच बनवलेली आहे. सामान मागून ट्रकने येऊ दे. तुझं खापर तेवढं मांडीवर घे. वाटेत खापरोळ्या तू घाल, मी शेजारी बसून बघेन, तुझा तो अंदाज मला एकदा डोळ्यांनी बघायचा आहे. बोरिवलीला राहून तू माझ्याशी बोलत नाहीस, ते मी चालवून घेतलं. माणूस इथे आहे, कधीही बोलेल, असं वाटायचं. कुडाळला जाऊन बोलली नाहीस, तर मी कुणाच्या भरवशावर रुसून राहू?

ता. क. चौथा: पत्र घेऊन दारात उभा आहे तो युस्टेस. त्याला लवकर उत्तर दे, कारण गाडी तुमच्या इमारतीच्या फाटकातच उभी आहे आणि तुमच्या गुरख्याने ती फुली ओळखली आहे. कुणाकडे सिरियस झालं म्हणून तो तळमजल्यावर विचारत सुटला आहे, आणि दोन बायका भाऊजींचं नाव घेऊन डोळ्यांना पदर लावताना मी आत्ताच बघितल्या. ही बातमी वर पोचायच्या आत भाऊजींना गॅलरीत उभं कर, म्हणजे लोकांना दिसतील. आणि डबा रिकामा करून परत पाठवू नकोस, आईचा नियम तुलाही लागू आहे. भर, आणि स्वतः घेऊन ये. तू मात्र खाली वाकून बघू नकोस, मी वर बघणार नाही.

ता. क. शेवटचा: पत्र अजून माझ्याच हातात आहे, तोवर गलका ऐकून भाऊजी आपणच गॅलरीत आले. त्यांच्या शेजारी कोण येऊन उभं राहिलं ते मी पाहिलेलं नाही. केस किती पांढरे झाले गं तुझे. खाली ये.